चार गाड्यांवर शिकलेली मावशी

आमच्या संस्थेचा एक नियम होता. परदेशात सेवेला आलेल्या प्रत्येक स्वयंसेवकाने महिन्यातला एक शनिवार-रविवार एखाद्या स्थानिक कुटुंबात काढायचा. ते करतील ते करायचं, वाढतील ते खायचं आणि सोमवारी एक पानभर अहवाल द्यायचा. तुकडीतल्या एकाला मधमाश्या पाळणारं घर मिळालं, एकीला होड्या बांधणारं. माझ्या चिठ्ठीवर होतं : 'शाळेची स्वयंपाकीण. घरी बघण्यासारखं विशेष काही नाही.'

हे शेवटचं वाक्य तिनेच लिहून दिलं होतं. पाहुणा टळला तर टळला, असा हिशेब असावा.

तिला मी ओळखत होतो. आमचं काम शाळाशाळांत जाऊन मुलांचे डोळे तपासायचं. त्यात माझं काम म्हणजे भिंतीवर अक्षरांचा तक्ता लावणं आणि मुलाच्या एका डोळ्यावर चमचा धरणं. बारावी सायन्सला घासून मिळवलेल्या टक्क्यांचं चीज झालं ते असं. सगळं गाव मला 'डोळेवाला' म्हणायचं. दुपारी शाळेत जेवण घेऊन एक व्हॅन यायची, आणि तिच्यातून पातेली उतरवणारी जाडजूड, पदर खोचल्यासारखी कायम तयारीत असलेली बाई म्हणजे मावशी. पाच महिन्यांत तिथली भाषा मला कामापुरती यायला लागली होती. उरलेलं हातवाऱ्यांवर भागायचं. इथे सगळं आपल्या बोलीतच लिहितो. तिचे टोमणे मला जसे लागले तसेच तुम्हालाही लागले पाहिजेत.

आता खरी गोष्ट कबूल करतो. त्या घरी जाताना मला थोडं अपराधी वाटत होतं. महिन्याभरापूर्वी व्हॅन चालवणारे आजोबा गंमत म्हणून आमच्या तक्त्यासमोर बसले होते. पहिली ओळ त्यांनी धडाधड वाचली, तिसरी अंदाजाने, आणि चौथ्या ओळीला विचारलं, "इथे काही लिहिलंय का?" पंचवीस वर्षं तो माणूस तीन शाळांचं जेवण घेऊन रस्त्यावरून जात होता. आमच्या डॉक्टरबाईंनी लगेच कागद केला आणि आजोबांची गाडी महिनाअखेरीपासून बंद होणार असं ठरलं. त्यावर कचेरीचं पत्र आलं : नवा ड्रायव्हर मिळणार नाही. स्वयंपाकघरातल्याच कुणीतरी परवाना काढून व्हॅन चालवावी. नाहीतर एक तारखेपासून जेवण शहरातल्या मोठ्या स्वयंपाकघरातून येईल आणि इथलं बंद होईल.

इथलं म्हणजे मावशीच्या परसातली पत्र्याची शेड, सहा शेगड्या आणि पाच बायका. त्यातली एक डोळे मिटल्याशिवाय गाडीत बसू शकत नव्हती, एकीला वळण आलं की मळमळायचं, दोघींनी कानावर हात ठेवले. उरली मावशी. तिचा चालक परवान्याचा नाद जुनाच होता. दोन वर्षांत सहा वेळा चाचणी देऊन ती सहाही वेळा नापास झालेली. सातवी चाचणी त्या रविवारी सकाळी होती, आणि एक तारीख मंगळवारी.

आग लावली होती मी, आणि पाहुणचार झोडायलाही मीच चाललो होतो.

शनिवारी सकाळी पोचलो तेव्हा दार ढकललं तर उघडेना.

"अरे डोळेवाल्या, ढकलतोस काय बैलासारखा! उचल त्याला थोडं वर, मग सरकव," आतून आवाज आला.

उचललं, सरकवलं, उघडलं. मोरीतला नळ डावीकडे फिरवला तर वाहायचा, पण थांबवायला खालून एक टिचकी मारायची. माझ्यासाठी ठेवलेल्या खुर्चीवर मागे टेकायचं नाही. हे सगळं मावशीने मला एका दमात सांगितलं, जशी एखादी गृहिणी नव्या सुनेला घरातल्यांचे स्वभाव सांगते.

शेडमध्ये पातेल्यांना तांबडे, निळे, पिवळे पट्टे रंगवलेले होते. एकेक रंग एकेका शाळेचा. शनिवारी स्वयंपाक नसतो, भांडी घासून पालथी घालायची असतात. मी घासायला बसलो.

"हे तांबडं डावीकडे करपतं," ती म्हणाली. "म्हणून मी त्याला पाव फिरवून ठेवते. निळ्याचं झाकण नीट बसत नाही, त्याच्यावर वरवंटा. पिवळं गुणाचं आहे, पण त्याला आच पुरत नाही, म्हणून ते आधी चढवायचं."

"नवीन का नाही मागत?"

"का? काय झालंय त्यांना?"

मी पुढचं पातेलं ओढलं. तेवढ्यात तिचे यजमान दारात येऊन उभे राहिले. काका पूर्वी शिवणकाम करायचे. त्यांचं बोलणं गुंडीइतकंच : गरजेपुरतं, आणि लावलं की पक्कं. त्यांनी नुसती मान रस्त्याकडे केली.

"आल्या गाड्या," मावशी हात पुसत उठली. "चल, मागे बस. दर शनिवारी माझी शिकवणी असते."

शिकवणी घ्यायला सगळी गल्ली होती. तिथला कायदा असा की शिकाऊ माणसाच्या शेजारी परवानेवाला हवा. शाळेची व्हॅन सरकारी, ठणठणीत, दर तीन महिन्यांनी तपासून यायची. पण परवाना हातात पडेपर्यंत तिच्या चाकाला हात लावायची सोय नव्हती. शिकवणारी संस्था लांब शहरात, आणि मावशी पहाटे चारला शेगडी पेटवणार. मग शेजाऱ्यांनी ठरवलं, दर शनिवारी आपापली गाडी तासभर द्यायची आणि स्वतः शेजारी बसायचं. दोन वर्षं हे चाललं होतं. एकही शनिवार चुकला नव्हता. आमच्या गावी लोक एकमेकांची सायकलसुद्धा हवा तपासून परत घेतात, म्हणून मला याचं फार कौतुक वाटलं.

पहिली गाडी औषधाच्या दुकानवाल्यांची. मावशी सफाईने निघाली. कोपऱ्यावर कुत्रं आडवं आलं तेव्हा तिने ब्रेक दाबला, सोडला, पुन्हा दाबला. धप-धप. गाडी अलगद थांबली.

"शाबास!" औषधवाले म्हणाले.

दुसरी न्हाव्याची. चौकात थांबलो तर गाडी उभी, पण इंजिन असं गुरगुरत होतं जसा काही खाली वाघ बांधलाय. मावशीचा पाय रेसवर होता.

"सोडू नका हं वहिनी," न्हावी म्हणाला, "सोडला की संपलं."

"मी काय पहिल्यांदा चालवतेय?" मावशी म्हणाली.

तिसरी गाडी एका निवृत्त शिक्षिकाबाईंची. बाई पुढे बघत बसल्या होत्या, हातात पर्स, जशा वर्गावर चालल्यात. रस्ता सरळ होता आणि मावशी मात्र सगळा वेळ चाक उजवीकडे धरून होती, हात ताणून, एखादं दांडगट वासरू आवरावं तसं. गाडी सरळ जात होती. चौथी नळ दुरुस्त करणाऱ्याची. तिच्यात प्रत्येक वळणाला मावशीचा हात खिडकीबाहेर जायचा, पाचही बोटं पसरून, आशीर्वाद दिल्यासारखा.

मी मागे बसून बघत होतो. माझ्या काकांची जीप मी चालवलेली आहे. ती उतारावर लावावी लागायची, एवढीच तिची एक खोड. पण मावशीचं चालवणं बघून मला एक कोडं पडलं. बाई घाबरत नव्हती. चुकत नव्हती. चार तासांत एका कोंबडीलाही तिच्यामुळे उडी मारावी लागली नाही. मग सहा वेळा नापास कशी?

दुपारी जेवताना मी विचारलंच. "मावशी, नापास करताना ते काही सांगतात का?"

"सांगतात कसले! तो परीक्षक तोंड उघडतो ते जांभई द्यायला. चिठ्ठी देतो हातात." तिने फळीवरचा पत्र्याचा डबा काढला, माझ्यापुढे ठेवला. "वाच. तुला वाचायची हौस आहे ना? लोकांना तक्ते वाचायला लावतोस."

डब्यात सहा चिठ्ठ्या, नीट घडी घातलेल्या. मी एकेक उलगडली. पहिली : 'थांबताना दोन झटके. चालक घाबरट.' दुसरी : 'उभ्या गाडीत रेस. उतावळेपणा.' तिसरी : 'उजवीकडच्या पिंपाला धडक.' चौथी : 'एक हात चाकावरून वारंवार सुटतो.' पाचवी : 'पुन्हा उजवीकडचंच पिंप.' सहावीवर एकच शब्द होता : 'झटके.'

मी चिठ्ठ्या टेबलावर ओळीने मांडल्या. घास हातातच राहिला.

"मावशी, तुम्ही ब्रेक दोनदा का दाबता?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी विचारलं होतं की भात शिजवताना पाणी का घालता. "म्हणजे? एकदा दाबून गाडी थांबते का?"

"थांबते."

"चल!"

"खरंच थांबते. औषधवाल्यांची थांबत नाही, कारण तिचा ब्रेक बिघडलाय. आणि उभ्या गाडीत रेसवर पाय ठेवायचा नसतो, ती न्हाव्याची गाडी तशी आहे. बाईंची डावीकडे ओढते, म्हणून तुम्ही उजवीकडे धरता. नळवाल्याच्या गाडीचे वळणाचे दिवे लागत नाहीत, म्हणून हात बाहेर काढता. चाचणीची गाडी खात्याची असते, तिला यातलं काहीच झालेलं नसतं."

मावशीने सहाही चिठ्ठ्या आपल्याकडे ओढल्या. काकांनी वाटीतला चमचा खाली ठेवला.

"सगळ्यांच्या गाड्या एकदा दाबून थांबतात?" तिने हळू विचारलं.

"ज्यांच्या बऱ्या असतात त्यांच्या."

"मला वाटायचं, गाडी म्हटलं की एवढं करावंच लागतं." मग तिने पहिली चिठ्ठी उचलली, उलटसुलट केली. "आणि हा मेला मला घाबरट म्हणतो! मी घाबरट? सहा शेगड्या एकदम पेटवते मी!"

आता एकच उपाय होता. रविवार उजाडायच्या आत तिला धडधाकट गाडीवर बसवायचं. आणि अशी गाडी सबंध गल्लीत एकच होती. ती होती वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मावशीच्या नणंदेची. मुलगा कामाला दूर गेला तेव्हा गाडी आईपाशी ठेवून गेला होता. नणंदबाई दर रविवारी तिच्यावरची चादर काढायच्या, पुसायच्या, पाच मिनिटं इंजिन चालू करून ऐकायच्या आणि पुन्हा चादर घालायच्या. दोन वर्षं गल्लीतल्या सगळ्या गाड्या शिकवणीला आल्या, ही तेवढी जिन्याखालून हलली नव्हती.

"वन्संकडे मागू?" मावशी म्हणाली. "त्यापेक्षा तीन शाळांची पातेली डोक्यावरून नेईन. पहिल्या वेळी नापास झाले तेव्हा त्यांनी पेढे वाटायचे बाकी ठेवले होते."

"मी विचारतो," मी म्हणालो.

"तू गप बस. तुझ्या एका तक्त्याने आधीच एवढं रामायण झालंय."

तेव्हा काका उठले. लंगडत जिन्यापाशी गेले, कठडा धरला, आणि सकाळपासून साठवलेलं सगळं बोलणं एकदम खर्च केलं. "ताई! चावी टाक!"

वरून खिडकी उघडली. खिडकी इतकी पटकन उघडली की ती आधीपासून अर्धी उघडीच असावी. "टाक काय टाक? ती काय दोरीवरून पडलेली चड्डी आहे? मी खाली येतेय."

नणंदबाई आल्या, बारीक, ताठ, चप्पल घालून, म्हणजे तयारीनिशीच. "ऐकलंय मी सगळं. दोन वर्षं वहिनींना लोकांच्या गाड्या झटके देत आणताना बघतेय, मला वाटायचं त्यांना तसंच चालवायला आवडतं. शेजारी मी बसणार. गाडीला ओरखडा आला तर भावाच्या घरचं पाणी पिणार नाही."

"वन्सं, तुम्ही आताही कुठे पिता? चहाच पिता," मावशी म्हणाली.

"बसा गाडीत!"

गोदामामागच्या रिकाम्या रस्त्यावर गेलो. ऊन कलत होतं. मी आणि काका मागे. मावशीने गाडी सुरू केली, वीस पावलं नेली आणि ब्रेक दाबला. सवयीने दोनदा. नणंदबाईंचं कपाळ समोरच्या काचेपासून चार बोटांवर जाऊन थांबलं.

"वहिनी! जुना राग काढताय का?"

"नाही हो वन्सं, पाय ऐकत नाही."

तेच तर होतं. नवीन काही शिकायचं नव्हतं, आणि म्हणूनच ते कठीण होतं. थांबताना दुसऱ्यांदा दाबायचं नाही. उभं राहिल्यावर पाय काढून घ्यायचा. चाक सोडून द्यायचं, ते आपलं आपण सरळ राहतं. मावशीला हे पटेचना. चाक सैल सोडलं की ती त्याच्याकडे संशयाने बघायची, जणू ते मुद्दाम साधेपणाचं सोंग करतंय. नणंदबाईंनी एक युक्ती काढली. मावशीचा पाय ब्रेकवर गेला की त्या "एक!" म्हणून ओरडायच्या, आणि पाय पुन्हा हलला की तिच्या मांडीवर चापट. हात खिडकीबाहेर जायला लागला की त्याच चपळाईने बाही ओढायच्या. बावीस चापट्या मी मोजल्या. तेविसावी पडली नाही, कारण दुसऱ्यांदा पाय हललाच नाही. गाडी लोणी कापावं तशी थांबली.

मावशीने दोन्ही हात चाकावरून काढून मांडीवर ठेवले.

"एवढंच?" मावशी म्हणाली. "एवढंच होतं?" तिचा आवाज असा आला की मला खिडकीबाहेर बघावं लागलं.

चाचणीचं मैदान एरवी भाजीबाजाराचं, म्हणून चाचणी रविवारी. सकाळी आठला आम्ही कुंपणाला लागून उभे. मी, काका आणि चादरीची घडी काखेत धरलेल्या नणंदबाई. मैदानावर पांढरे पट्टे, दोन रांगांत पिंपं, एक मातीचा चढ. परीक्षक म्हणजे चेहऱ्यावर कालचा दिवस अजून न संपलेला माणूस. त्याने मावशीला बघितलं आणि वहीचं पान उलटायच्या आधीच उसासा टाकला. दोघं खात्याच्या गाडीत बसली. आतलं काही ऐकू येत नव्हतं, त्यामुळे नुसती गाडी बघायची आणि जीव टांगणीला लावायचा.

गाडी निघाली. पहिल्या पट्ट्यावर थांबली. झटका नाही.

"एक!" नणंदबाई पुटपुटल्या.

चढावर थांबली. इंजिन शांत. मग वळण आलं आणि खिडकीतून मावशीची बोटं बाहेर आली. दोन पेरं, तीन.

"आत घ्या! वहिनी, आत!" नणंदबाई एवढ्या जोरात ओरडल्या की पुढच्या नंबराचा माणूस दचकून स्वतःचे हात खिशात घालून उभा राहिला. बोटं थांबली. खिडकीच्या कडेवर जरा वेळ टेकली, जशी ती वारा खायलाच आली होती, आणि आत गेली. गाडीचा दिवा लुकलुकला.

आता पिंपं. मागे घेत दोन रांगांमधून न्यायची. गाडी तोंडाशी आली आणि उभीच राहिली. अर्धं मिनिट. मिनिट. काकांनी कुंपणाची तार धरली होती, त्यांची बोटं पांढरी पडली. मला तीन रंगांची पातेली दिसायला लागली, आणि मंगळवारी शाळेच्या दारात उभी राहणारी कुणीतरी भलतीच गाडी.

मग ती हलली. सरळ मागे, हळू, एकाही पिंपाला न विचारता, आणि दुसऱ्या टोकाला बाहेर पडली. उजवीकडचं पिंप होतं तिथेच उभं होतं.

परीक्षक उतरला. बराच वेळ लिहीत राहिला. मावशी त्याच्यासमोर उभी, दोन्ही हात पोटावर. त्याने चिठ्ठी फाडून दिली आणि जांभईखेरीज तोंड न उघडणारा तो माणूस चक्क आपणहून बोलला. "बाई, मधल्या काळात काय केलंत? मागच्या वेळी मी मान धरून घरी गेलो होतो."

"साहेब, तुमच्या गाडीला काही झालेलं नाही, हे मला कालपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं."

त्याला काही कळलं नाही. पुढच्या नंबराला हाक मारत तो गेला.

चिठ्ठीवर 'उत्तीर्ण' होतं, आणि खाली मोटार आणि लहान व्हॅन दोन्ही. मावशीने ती काकांच्या हातात दिली, काकांनी वाचली, मग डोळ्यांजवळ नेऊन पुन्हा वाचली आणि शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली. नणंदबाईंनी चादर झटकली. तिच्यावर धूळ नव्हती, तरी झटकली.

"पिंपांपाशी एवढा वेळ काय करत होतात?" मी विचारलं.

"चाक सोडून बघत होते. म्हटलं, बघू कुठे ओढतेय. कुठेच ओढेना. भरवसा बसायला वेळ लागतो रे." मग ती थांबली आणि आमच्या तिघांकडे वळली. आवाज एकदम कामाचा झाला. "आणि ऐका. गाड्यांचं गल्लीत कुणी काही बोलायचं नाही. ब्रेकचं मी औषधवाल्यांना वेगळं सांगेन, आठ-पंधरा दिवसांनी, सहज म्हणून. बाकीच्यांनाही. पण त्यांच्यामुळे मी नापास झाले, हे त्यांच्या कानावर जाता कामा नये. वन्सं, मी तुम्हाला सांगतेय."

"मलाच का?"

"कारण डोळेवाल्याला धड बोलता येत नाही आणि ह्यांना बोलायचं नसतं."

गल्लीच्या तोंडाशी सगळे उभे होते. आजोबाही होते, चौथी ओळ न दिसणारे. त्यांना मावशीचा चेहरा मात्र लांबूनच दिसला असावा, कारण टाळ्या त्यांनीच सुरू केल्या.

"मी म्हणत नव्हतो?" औषधवाले पुढे आले. "आमच्या गाडीवर ब्रेकचा हात बसला की माणूस कुठेही चालवतो!"

"ब्रेकचं सोडा, खरा चौक तिने माझ्या गाडीत पेलला," न्हावी म्हणाला.

"दोघंही गप्प बसा," शिक्षिकाबाई म्हणाल्या. "चाक कसं धरायचं ते मी शिकवलं."

नळवाला हसत नुसताच हात उंचावून उभा होता, पाचही बोटं पसरून.

मी नणंदबाईंकडे बघितलं. ज्या बाईला शेजारच्या घरात दूध उतू गेलेलंही पोटात ठेवता येत नाही, तिचं तोंड उघडलं होतं. शब्द अगदी ओठावर होते, मला ते दिसत होते. मावशी त्यांच्याकडे बघत नव्हती. पण तिने श्वास धरून ठेवला होता.

"हो तर," नणंदबाई म्हणाल्या. "तुमच्याच गाड्यांवर शिकली. माझी तर दोन वर्षं चादरीखाली होती."

आणि त्या ताठ मानेने जिना चढून गेल्या. वरून मोठ्याने आवाज आला : "वहिनी, चहा टाका. चौघांचा. मी खाली येतेय."